आजीची गोष्ट का तुटते?

(साक्षरता वर्गाच्या वाचकांपुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हाला एका रोगाची माहिती सांगणार आहे. या रोगात ताप येत नाही. अंग दुखत नाही. माणूस जेवतो-खातो, हिंडतो-फिरतो. वरून पाहिले तर धडधाकट दिसतो. पण त्याचे बोलणे हळूहळू बदलत जाते. शब्द सापडेनासे होतात. सांगायला घेतलेली गोष्ट मध्येच तुटते. या रोगाला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला डिमेन्शिया म्हणतात.

मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला, आता पेन्शनीत निघालेला शाळामास्तर आहे. पण माझा सारा जन्म मुलांना गोष्टी सांगण्यात आणि त्यांच्याकडून त्या वदवून घेण्यात गेला. म्हणून या रोगाविषयी जे वाचले आणि समजून घेतले, त्यातला बोलण्याचा आणि गोष्टीचा भाग तेवढा सांगतो. औषधपाण्याचे डॉक्टर सांगतील.

आणि हे तुमच्यापुढेच का सांगतो? कारण तुम्ही नुकते लिहायला शिकला आहात. या रोगात तुमची लेखणी फार कामाला येते. कशी, ते पुढे येईलच.

गोष्ट सांगणे सोपे नाही

आपल्याला वाटते, बोलणे म्हणजे काय, तोंड उघडले की झाले! पण तसे नाही. समजा, एक आजी नातवंडांना चिऊ-काऊची गोष्ट सांगत आहे. तिला काय काय करावे लागते, पाहा.

चिऊ, काऊ, शेण, मेण, पाऊस हे शब्द वेळेवर आठवावे लागतात. आधी पाऊस आला, मग घर वाहून गेले, मग काऊ दारात आला, हा क्रम सांभाळावा लागतो. "तो म्हणाला" म्हटले तर तो म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. कुठपर्यंत सांगून झाले, हे ध्यानात ठेवावे लागते. आणि गोष्ट शेवटी कुठे न्यायची, हेही डोक्यात असावे लागते. एवढी सगळी कामे आजीचा मेंदू एकाच वेळी करतो. तिला त्याचा पत्ताही नसतो.

गोष्ट ही माळेसारखी आहे. शब्द हे मणी. कोणता मणी झाला, कोणता व्हायचा, हे धरून ठेवणारी आठवण हा दोरा. या रोगात मणीही गळतात आणि दोराही विरत जातो.

मणी गळतात

पहिल्याप्रथम गळतात ती नावे. माणसांची नावे, गावांची नावे, घरातल्या जिनसांची नावे.

आजी म्हणते, "अगं, ते दे ना, ते... भांडं धरायचं." तिला सांडशी हवी असते. आबा म्हणतात, "सुपारी फोडायचं ते कुठाय?" त्यांना अडकित्ता हा शब्द सापडत नाही. वस्तू डोळ्यांपुढे असते, तिचा उपयोग ठाऊक असतो, पण नाव तोंडात येत नाही.

कधी जवळचाच दुसरा शब्द येतो. पालकाला मेथी म्हटले जाते. लेकीला बहिणीच्या नावाने हाक मारली जाते.

कधी बारीक शब्द जाऊन मोठा, ढोबळ शब्द राहतो. ज्या शेतकऱ्याने जन्मभर गाय, कालवड, गोऱ्हा, खोंड असे वेगवेगळे म्हटले, तो सगळ्यांना नुसते जनावर म्हणू लागतो.

आणि मग बोलण्यात ते, हे, तिकडे, अमके, काय म्हणतात त्याला, असे शब्द वाढत जातात.

दोरा विरतो

आता गोष्ट कशी तुटते ते पाहा. समजा, एक बाई बाजाराची हकीकत सांगत आहेत. दोन वर्षांमागे त्या अशी सांगत:

"मी सोमवारच्या बाजाराला गेले. तिथं माझी थोरली बहीण भेटली. तिनं सांगितलं, तिच्या लेकीचं लग्न ठरलं. मग आम्ही दोघींनी मिळून बांगड्या घेतल्या."

आता त्या अशी सांगतात:

"मी गेले होते. तिथं ती भेटली. ती म्हणाली, ते ठरलं. मग ते घेतलं. तिथं ती भेटली, बरं का..."

कोण भेटली? काय ठरले? काय घेतले? ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. गोष्ट पुढे जात नाही, फिरून फिरून पहिल्याच जागी येते.

पण एक गंमत पाहा. वाक्ये चुकलेली नाहीत. गेले, भेटली, म्हणाली, हे सगळे बरोबर आहे. कुठेही "तो भेटली" झालेले नाही. घराचा सांगाडा उभा आहे, पण आतले सामान कमी झाले आहे. म्हणूनच घरचे लोक फसतात. ते म्हणतात, "छे! बोलतात की चांगल्या. काय झालंय त्यांना?" शेजारी दारात येतो, "काय, बरं आहे ना?" विचारतो. बाई म्हणतात, "बरंय बाबा, चहा घे." शेजाऱ्यालाही शंका येत नाही. रोजचे ठरलेले बोलणे बराच काळ टिकते. गोष्ट मात्र आधी उघडी पडते, कारण गोष्टीला मणीही लागतात आणि दोराही लागतो.

आपण काय करतो?

अशा वेळी गावात काय होते, ते तुम्हाला माहीत आहे. कोणी म्हणतो, "साठी बुद्धी नाठी." कोणी म्हणतो, "म्हातारचळ लागला." पोरे नक्कल करतात. सून चिडते, "आत्याबाई, हे तुम्ही आत्ताच सांगितलंत!" मुलगा सगळ्यांसमोर वाक्य तोडतो.

माणसाला हे समजते, बरे का. रोगाच्या सुरुवातीला तर चांगलेच समजते. आपला शब्द चुकतो, लोक हसतात, हे त्याला टोचते. मग तो बोलणेच टाळतो. पारावर जात नाही. लग्नकार्यात कोपरा धरून बसतो. रोगाने दहा शब्द नेले, तर आपल्या हसण्याने शंभर जातात.

कोणी देवऋषी गाठतो, करणी झाली म्हणतो. त्यात पैसा जातो. आणि पैशाहून मोलाची वेळ जाते.

साधे विसरणे कोणते आणि रोग कोणता?

आता घाबरू नका. नाव विसरले की रोग झाला, असे नाही. वय झाले की सगळ्यांचेच थोडे विसरते. मलाही जुन्या विद्यार्थ्याचे नाव लगेच आठवत नाही. तो गेल्यावर घटकाभराने आठवते.

फरक असा ओळखावा.

साध्या विसरण्यात शब्द उशिरा का होईना, पण येतो. कोणी खूण सांगितली की आठवते. "अहो, लग्नात भेटले होते ते," म्हटले की चेहरा उजळतो. गोष्टीतला एखादा तपशील सुटतो, पण गोष्टीचे मर्म सुटत नाही.

रोगात खूण सांगूनही पुष्कळदा आठवत नाही. गोष्ट सांगितली हेच विसरले जाते, म्हणून ती दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. कालचे जाते, पण चाळीस वर्षांपूर्वीचे राहते. आणि महिन्यामागून महिने हे वाढत जाते. पुढे पैशाचा हिशेब, स्वयंपाक, ओळखीची वाट, यांतही अडखळायला होते.

म्हातारपण आणि हा रोग एक नव्हेत. भारतात केलेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे साठ वर्षांवरच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा रोग आहे. सगळ्या देशात मिळून अशी सुमारे ८८ लाख माणसे होतात. आकडा मोठा आहे. पण शंभरातल्या बाकीच्या त्र्याण्णव जणांना हा रोग नाही, हेही ध्यानात घ्या. तेव्हा "वय झालं, चालायचंच," असे म्हणून सोडून देऊ नका.

एक सावधगिरीची सूचना. हा रोग हळूहळू येतो. बोलणे एकाएकी गेले, जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, हात उचलेनासा झाला, तर तो मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात असू शकतो. तिथे दिवस घालवू नका. तसेच उठा आणि मोठे रुग्णालय गाठा. त्याचा उपाय पहिल्या काही तासांतच होतो.

एका डॉक्टरने लिहून ठेवले

या रोगाचे नाव कसे पडले, त्याची हकीकत ऐका.

जर्मनी देशात फ्रँकफुर्ट नावाचे शहर आहे. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात १९०१ साली एका बाईला आणले. तिचे नाव आउगुस्टे. वय ५१. अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी तिला तपासले. त्यांनी विचारले, तुमचे नाव काय? ती म्हणाली, आउगुस्टे. आडनाव काय? आउगुस्टे. नवऱ्याचे नाव? ती म्हणाली, आउगुस्टे असावे. ती फ्लॉवर आणि मांस खात होती. काय खाता, असे विचारले तर म्हणाली, पालक. नाव लिहायला सांगितले. तिने श्रीमती एवढे लिहिले आणि पुढचे विसरली. मी मला हरवून बसले, असे ती म्हणे.

पाहा, तेच आहे ना? मणी गळले आहेत. एकाच नावाला सगळे धरून बसले आहे. तिचा रोग तेव्हा बराच पुढे गेला होता. पण आपले काहीतरी हरवले, हे तिला कळत होते.

१९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मेंदू सुकून लहान झाला होता. त्यात दोन प्रकारचा गाळ दिसला. एक पेशींच्या बाहेर साचलेला, दुसरा पेशींच्या आत गुंतवळासारखा. त्याच वर्षी त्यांनी ही माहिती डॉक्टरांच्या सभेत मांडली. १९१० साली या रोगाला अल्झायमरचे नाव मिळाले. स्मृतिभ्रंशाचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांत हाच सर्वांत जास्त आढळतो. तो बहुधा कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या ज्या भागात नव्या आठवणी बसतात, तिथून सुरू होतो. म्हणून कालची गोष्ट आधी जाते.

आउगुस्टेचे कागद पुढे हरवले होते. ते १९९५ साली फ्रँकफुर्टमध्येच सापडले. जवळजवळ शंभर वर्षांनी तिचे शब्द आपल्याला कळले, कारण कोणीतरी ते जसेच्या तसे लिहून ठेवले होते.

कादंबरी लिहिणाऱ्या बाई

तुम्ही म्हणाल, ज्याला शब्द कमी येतात त्यालाच हा रोग होत असेल. तसे नाही.

इंग्लंडमध्ये आयरिस मर्डॉक नावाच्या मोठ्या लेखिका होऊन गेल्या. जन्म १९१९ चा. त्यांनी वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९७८ साली त्यांच्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. शेवटची कादंबरी १९९५ साली निघाली. ती लिहिताना आपले काही जमत नाही, असे त्यांना वाटत होते. १९९७ साली त्यांना अल्झायमरचा रोग असल्याचे निदान झाले. १९९९ साली त्या वारल्या.

पुढे पीटर गॅरार्ड नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची तीन पुस्तके शेजारी शेजारी ठेवली. एक १९५४ सालचे पहिले, एक १९७८ सालचे, एक १९९५ सालचे शेवटचे. यंत्राने शब्द मोजले. काय आढळले? वाक्यांची बांधणी बरीचशी पहिल्यासारखीच होती. पण शेवटच्या पुस्तकात शब्दांची विविधता कमी झाली होती. तेच ते साधे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. डॉक्टरांनी रोग ओळखला नव्हता, तेव्हाच तो कागदावर उमटला होता!

आपल्या आजीने पुस्तके लिहिलेली नाहीत. पण तिने गोष्टी सांगितल्या आहेत. तुम्ही जर पूर्वी तिची गोष्ट ऐकली असेल आणि आजही ऐकाल, तर हा फरक तुमच्या कानांना कळेल. त्यासाठी यंत्र नको.

जोगिणींची पत्रे आणि हैदराबादचे रोगी

अमेरिकेत १९८६ साली डेव्हिड स्नोडन नावाच्या संशोधकांनी एक अभ्यास सुरू केला. ख्रिस्ती धर्मातल्या ६७८ जोगिणी त्यात सामील झाल्या. सगळ्या म्हाताऱ्या. त्यांनी दरवर्षी स्मरणशक्तीची तपासणी करू दिली आणि मरणानंतर आपला मेंदू अभ्यासाला दिला. केवढे मोठे दान!

त्यांतल्या काही जणींनी बावीस वर्षांच्या आसपास आपली हकीकत स्वतःच्या हाताने लिहिली होती. ते कागद मठात जपून ठेवलेले होते. संशोधकांनी ते वाचले. कोणी लिहिले होते, "मी अमुक गावी जन्मले," एवढेच. कोणी त्याच एका वाक्यात गाव, घर, भावंडे, आईबापांचा धंदा, सगळे गुंफले होते. असे भरीव लिहिणाऱ्यांत पुढे म्हातारपणी हा रोग कमी आढळला. याचा अर्थ थोडे लिहिणाऱ्याला रोग होतोच, असा नाही. पण विचाराची आणि भाषेची मशागत लहानपणापासून झाली, तर मेंदूला काही आधार मिळत असावा, असे तज्ज्ञ समजतात.

आपल्या देशातलेही एक उदाहरण आहे. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांची माहिती तपासली. ती २०१३ साली छापली. ज्यांना दोन किंवा जास्त भाषा बोलता येत होत्या, त्यांना रोग सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. आणि विशेष म्हणजे, जे कधी शाळेत गेले नव्हते, त्यांच्यातही हा फरक दिसला. तेव्हा घरात अहिराणी आणि कचेरीत मराठी बोलणाऱ्याने, किंवा बाजारात हिंदी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्याने आपल्याला अडाणी समजू नये. ती त्याची मोठी शिदोरी आहे. मात्र दोन भाषा येणाऱ्याला रोग होतच नाही, असे समजू नका.

शिक्षण कमी असणे, बहिरेपणाकडे दुर्लक्ष, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूची विडी-सिगारेट, फार दारू, डोक्याला मार, एकटेपणा, दृष्टी गेलेली असून उपचार न करणे, अशी चौदा कारणे तज्ज्ञांच्या एका मंडळाने २०२४ साली सांगितली. ही सगळी टाळता आली, तर शंभरातले सुमारे पंचेचाळीस रोगी वाचू शकतील किंवा त्यांचा रोग लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे.

डॉक्टरही गोष्ट सांगतात

संशय आला तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतील. तिथे सुईची भीती नको. पुष्कळशी तपासणी बोलण्याचीच असते.

डॉक्टर चार-सहा वाक्यांची लहानशी गोष्ट सांगतात. ती लगेच परत सांगायला लावतात. अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. एका मिनिटात जमतील तितक्या जनावरांची नावे घ्यायला सांगतात. एखादे चित्र दाखवून त्यात काय चालले आहे, ते विचारतात. आई-वडील शाळेत गेले नसतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. नाहीतर लिहिता न येणे हेच रोगाचे लक्षण समजले जायचे.

मग रक्त तपासतात. का? कारण दरवेळी हाच रोग असतो असे नाही. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व कमी झाले, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली, मन खचले, एखाद्या औषधाचा परिणाम झाला, पडून डोक्यात रक्त साकळले, तरी माणूस विसरू लागतो. कान गेले असतील, तर त्याला गोष्ट ऐकूच येत नाही, मग आठवणार काय? यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहे. म्हणून लवकर जायचे.

अल्झायमरचा रोग समूळ बरा करणारे औषध आजवर निघालेले नाही. काही औषधांनी काही काळ आराम पडतो. पण रोग लवकर कळला, तर माणूस शुद्धीत असताना आपले मन सांगू शकतो, घरचे तयारी करू शकतात. ही काही लहान गोष्ट नव्हे.

घरच्यांनी कसे बोलावे?

१. समोर बसून, चेहऱ्याकडे पाहून बोला. टीव्ही बंद करा.

२. वाक्य लहान ठेवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. "भाकरी खाता का भात?" असे विचारा. "काय खाता?" असे मोघम विचारू नका.

३. शब्द अडला तर थांबा. मनात दहा आकडे मोजा. तरी आला नाही, तर हळूच सुचवा.

४. परीक्षा घेऊ नका. "मी कोण, ओळखा पाहू!" हा खेळ नव्हे. ओळख पटली नाही तर त्या जिवाला लाज वाटते. आपणच सांगावे, "आई, मी तुझी धाकटी लेक आले."

५. तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तर पुन्हा ऐका. हाताला काही काम असू द्या, शेंगा फोडा, भाजी निवडा, पण हुंकार द्या.

६. जुन्या वस्तू हातात द्या. सूप, जाते, चाबूक, लग्नातला फोटो. हात लागला की पुष्कळदा तोंड उघडते.

७. गाणे म्हणू द्या. बोलताना अडखळणारी आजी जात्यावरची ओवी किंवा भजन सरळ म्हणून जाते, असे पुष्कळदा दिसते. गाण्याची आठवण बऱ्याच वेळा उशिरापर्यंत टिकते.

८. लहानपणीच्या बोलीत बोलू लागल्या, तर तुम्हीही त्याच बोलीत बोला. उशिरा शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा मागे राहते, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते.

अंगठ्याविषयी दोन शब्द

मघाशी म्हटले, रोजचे ठरलेले बोलणे बराच काळ टिकते. याचा गैरफायदा घेणारेही असतात. कोणी कागद पुढे करतो. "आबा, वाचून दाखवलं, बरोबर ना?" आबा म्हणतात, "हो, हो." अंगठा उठतो आणि जमीन जाते.

हो म्हणणे म्हणजे समजणे नव्हे. कायद्यानेही करार करणारा माणूस शुद्ध मनाचा असावा लागतो. तेव्हा आबांना समजले का, हे पाहायचे असेल तर त्यांनाच सांगू द्या, "या कागदात काय लिहिलंय, तुम्ही सांगा बघू." त्यांना आपल्या शब्दांत सांगता आले, तर ठीक. सांगता आले नाही, तर तो कागद बाजूला ठेवा. मग कागद परक्याने आणलेला असो की पोटच्या मुलाने. आणि ज्यांना मृत्युपत्र वगैरे करायचे असेल, त्यांनी ते बुद्धी शाबूत असतानाच, चार माणसांच्या देखत, वकिलाच्या सल्ल्याने करावे. वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७ हा सरकारी फोन आहे. तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

आता वही काढा

आता तुमच्या लेखणीचे काम सांगतो.

आउगुस्टेचे शब्द डॉक्टरांनी लिहिले होते. जोगिणींनी आपली हकीकत स्वतः लिहिली होती. लेखिकाबाईंची तर पुस्तकेच होती. म्हणून त्यांच्या बोलण्यात काय होते आणि काय गेले, हे पुढे कळले. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे काय? त्यांतल्या कितीकांनी पाटी धरली नाही. त्यांचे सारे धन तोंडात आहे. तोंडातले गेले की संपले. ते लिहून ठेवणारे घरात कोणी असेल, तर ते तुम्हीच आहात.

एक दोन पैशांची नव्हे, आता वीस रुपयांची वही घ्या. तिचे दोन भाग करा.

पहिल्या भागात डॉक्टरांसाठी लिहा. तारीख घाला. "आज आईला सांडशी शब्द आठवला नाही. आज तिने बाजाराची गोष्ट तीनदा सांगितली. आज ती शेजारच्या गल्लीत वाट चुकली." तीन-चार ओळी पुरेत. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. महिन्या दोन महिन्यांनी ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. "थोडं विसरते, साहेब," एवढे सांगण्यापेक्षा ती वही शंभर पटीने उपयोगी पडेल.

दुसऱ्या भागात तिच्या गोष्टी लिहा. दुष्काळात काय खाल्ले, लग्नाची वरात कशी आली, विहीर कोणी खणली, चिऊ-काऊची गोष्ट ती कशी सांगते, सगळे. तिचे शब्द बदलू नका. ती "व्हता" म्हणाली, तर "व्हता" लिहा. आणि हे काम रोग होण्याची वाट न पाहता करा. आजच रात्री पाच ओळी लिहा.

रोग पुढे गेला आणि जुने आठवेनासे झाले, तर काय करावे? अमेरिकेत अॅन बास्टिंग नावाच्या बाईंनी १९९० नंतरच्या दशकात एक रीत सुरू केली. त्या अशा रोग्यांना आठवा म्हणत नाहीत. एखादे गमतीचे चित्र दाखवतात आणि विचारतात, इथे काय चालले असेल? ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. एकही उत्तर चूक नाही. सगळी उत्तरे लिहून घेतात आणि त्यांची गोष्ट करून सगळ्यांना वाचून दाखवतात. जुनी माळ तुटली, तर नवी ओवायची. दोरा दुसऱ्याने धरायचा.

हे आपल्या ओसरीवरही जमेल. आईला एक चित्र दाखवा. बैलाचे, जत्रेचे, लेकराचे. ती जे म्हणेल ते लिहा. मग मोठ्याने वाचून दाखवा, "आई, ही तू सांगितलेली गोष्ट." तिला ती आठवणार नाही. पण आपले कोणी ऐकून घेतले, हे तिला त्या घडीला नक्की कळेल.

पुढच्या शनिवारी वर्गाला येताना प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या एका वृद्ध माणसाची एक गोष्ट लिहून आणावी. आपण त्या इथे वाचू. ज्यांच्या गोष्टी आहेत, त्यांनाही हाताला धरून घेऊन या. त्यांना पुढच्या ओळीत बसवू.